सहावी फुंकर

इंजिन आलं मासळीच्या रिकाम्या ट्रकातून,
ताडपत्रीत गुंडाळून, बर्फाच्या खोक्यांमध्ये,
उतरवलं तेव्हा त्याला सुरमईचा वास.
पावतीवर: जपानी, वापरलेलं, चालू.
‘चालू’खाली कुणीतरी पेनाने दोन रेघा मारलेल्या,
तिथेच मला शंका आली.

गाडी कायतानची. टँकरवर सेकंड इंजिनीअर होता.
बहारीनहून बोटीने आणली ही बुटकी लाल गाडी,
स्टिअरिंग डावीकडे, कागदपत्रांचं विचारू नका.
दोन पावसाळे फिरवली. मग तो गेला
आणि गाडी सहा वर्षं जाळ्यांशेजारी झाकून.
खाऱ्या वाऱ्याने जुनं इंजिन असं धरलं
की पान्याला चार फुटी पाइप लावूनही हललं नाही.
बहीण, तेरेझ टीचर, म्हणाल्या,
दुसरं मिळतं का बघ, जोगी.

मी सर्जेकोटचा. तीस वर्षं ट्रॉलरची डिझेलं खोलतोय,
उजवा कान त्यातच गेला.
मला वर-खाली कळतं. ह्याच्यात वर-खाली नाहीच.
आमचा सावळो प्लगच्या भोकातून बॅटरी मारून दमला:
“दादानू, ह्येचे पिस्टन खंय आसत?”

टीचरनी खडू मागितला.
शटरवर कंबरेत दबलेला जाडा आठ काढला,
आत फुगीर बाजूंचा त्रिकोण.
“हा फिरतो,” म्हणाल्या, “आणि तिन्ही टोकं
भिंत कधी सोडत नाहीत.”
मग सवयीने फडका शोधू लागल्या.
मी पुसू दिलं नाही.

खालचे प्लग काढून स्टार्टरला करंट दिला,
भोकावर तळहात धरला. कानावर माझा भरवसा नाही.
पहिला रोटर: फुस्, फुस्, फुस्.
दुसरा: फुस्, फुस्,
आणि मग
झोपलेल्या पोराने सोडावा तसा श्वास.

“टोकाची पट्टी गेली,” मी म्हणालो.
टीचर शटरकडे बघत राहिल्या.
“टोक म्हणजे दोन खोल्यांमधली भिंत.
ते गेलं असतं तर दोन फुंकरा गेल्या असत्या.
एकच गेलीय. बाजूची पट्टी असणार.”
तीस वर्षांत मला कुणी इंजिनाचं असं सांगितलं नव्हतं,
आणि तेही हाउसकोटमध्ये.

ट्रकवाला फोन उचलेना.
“सहापैकी पाच,” त्या म्हणाल्या.
“त्र्याऐंशी टक्के. बसव.”

होडी ओढायच्या कप्पीने उचललं, हलकंच निघालं.
माउंट जुळेना, म्हणून मोडक्या विंचची प्लेट कापून
दोन कान वेल्ड केले.
क्लचची प्लेट मध्यात धरायला
सावळ्याने सुपारीच्या लाकडाची खुंटी तासली,
इतकी नेमकी की मी त्याला काही बोललो नाही.
तेल ओतलं. हे तेल जाळतं,
आणि म्हणे जाळायलाच हवं.

रात्री साडेअकराला लागलं.
ठोका नाही. सगळं मिळून एकच गुरगुर,
मधे कुठेतरी एक अक्षर गाळलेलं.
पांढरा धूर माडांत शिरला,
कोयंड्यांचा कुत्रा भुंकायचं विसरला.
समाधान झालं, म्हणून मी चावीकडे हात नेला.

“बंद करू नको!” टीचर ओरडल्या,
वर्गात ओरडत असतील तशा.
“थंड असताना बंद केलं तर पेट्रोलात बुडतं.
कायतान सांगायचा.”
बुडतं म्हटल्यावर
आमच्यात कुणी हात लावत नाही.

मग काय करणार. बॉनेट न लावताच निघालो.
एकाच दिव्याने पापणी उघडली, दुसरा गंजलेला.
वाळत घातलेला जवळा चुकवत, बर्फाच्या कारखान्यावरून
जेटीच्या टोकापर्यंत दुसऱ्या गिअरात,
आणि काट्याचा ध्यास, एवढासा, हलतच नव्हता.

काटा मध्यावर आला तेव्हा समोर पाणी होतं,
ट्रॉलर दोरांवर हलत होते.
“आता बंद केलं तरी चालेल,” मी म्हणालो.

टीचर काहीतरी बोलल्या.
पण त्या माझ्या उजवीकडे बसल्या होत्या.
मी परत विचारलं नाही.
गाडी वळवली.